भाग्यलक्ष्मीला आठवेना

या हो, असे जरा पुढे सरकून बसा. मागे वारा बोचतो, आणि माझा आवाज काही बुवांसारखा शेवटच्या खांबापर्यंत पोचत नाही. आज एका पोरीची गोष्ट सांगते. गोष्ट प्रेमाची आहे. पण तिच्यात खाज आहे, कापूस आहे आणि सरकारी दवाखान्यातलं बाकडंही आहे. शेवट गोड आहे, हे आधीच सांगून ठेवते. उगाच मध्येच कुणी पदर डोळ्याला लावायला नको.

तामसीच्या पलीकडे एका गावात चंपतरावांची कापूस-ज्वारीची शेती. त्यांची लेक भाग्यलक्ष्मी, सव्वीस वर्षांची, रोज सकाळच्या बसनं आदिलाबादला जायची. तिथं मीसेवा या सरकारी सेवा केंद्रात लोकांच्या दाखल्यांचे अर्ज, दरखास्ती भरून द्यायची. डिसेंबरातली सकाळ होती, बसच्या काचा दवानं आंधळ्या झालेल्या. भाग्या घाईघाईनं उतरली, आणि मागून कुणीतरी धावत आलं.

"मॅडम, तुमचा डबा सीटवरच राह्यला. मेथीची भाजी आहे."

"तुमाले काय माहीत?"

"उघडून पाह्यला. खोटं काऊन बोलू?"

"मंग खाल्ला काऊन नाई?"

"भाकरी एकच होती. माह्यं पोट नसतं भरलं."

भाग्याला हसू आवरेना. हा सुरेंद्र. तामसीचा, अमृतरावांचा मुलगा. लग्नात, सप्ताहात माईक आणि कर्णे लावायचा त्याचा धंदा. स्टँडवर दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. वाफेआडून तो दोनदा तिच्याकडे बघत राहिला, आणि दोन्ही वेळा ते तिला कळलं.

चार दिवसांनी तो पुन्हा बसमध्ये भेटला. "आज डबा जवळ आहे ना?"

भाग्यानं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा कुठंतरी पाहिलेला… पण कुठं? "तुमी… कोण?"

सुरेंद्रला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. "मी? मी बासरच्या सरस्वतीचा पुजारी. सुटीवर आलो."

त्यानंतर भेटेल तेव्हा तो नवीच ओळख द्यायचा. एकदा तहसीलदार झाला, एकदा "तुमच्या डब्याचा चुलतभाऊ". भाग्या आता त्याला बरोबर ओळखायची, खळखळून हसायचीसुद्धा. पण 'तुमी कोण?' विचारलं, त्या दिवशी ती चेष्टा करत नव्हती हो. तिला खरंच आठवलं नव्हतं.

आणि ते एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण कॉम्प्युटरचा पासवर्ड बोटांतून निसटायचा. वरणात मीठ दोनदा पडायचं. समोरच्या म्हाताऱ्याचं नाव विचारून ते लिहीपर्यंत पुसून जायचं. ती तळहातावर पेनानं लिहून ठेवू लागली, आणि घरी कुणी पाहू नये म्हणून मूठ मिटू लागली. कारण तिची सख्खी मावशी बयनाबाई. बेचाळिसाव्या वर्षी मावशी अशीच किल्ल्या, नावं विसरू लागली होती; आता पोटच्या पोराला विचारते, "तू कोणाचा रे?"

एकादशीला गावात कीर्तन होतं. भाग्या लहानपणापासून बुवांच्या मागे उभी राहून पद धरायची. गळाच तसा गोड तिचा. माईकवर सुरेंद्र. बुवांनी एक पद उचललं, भाग्यानं आठ वर्षांची असल्यापासून म्हटलेलं. पहिली ओळ आली… दुसरी येईना. तोंड उघडं, आणि आत काहीच नाही. आता साऱ्या गावाला कळणार, तेवढ्यात मृदंग असा काही घुमला की लोक माना डोलवू लागले. सगळ्यांना वाटलं, मृदंगवाला रंगात आला. भाग्यानं मात्र पाहिलं, सुरेंद्रचा हात बटणावर होता. मृदंगाचा आवाज त्यानं चढवला होता, तिचा उतरवला होता. आणि पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "आज खरी ओळख देतो. सुरेंद्र, माईकवाला. तुमी मले आवडता. तुमच्या घरी विचारायले येऊ काय?"

भाग्याचे कान तापले. दुसरा कुठलाही दिवस असता, तर तिनं नुसती मान खाली घातली असती. "नका येऊ," ती म्हणाली. "मी तुमाले विसरून जाईन… खरंच विसरून जाईन." आणि मीठ, पासवर्ड, मावशी, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"मंग मी रोज नवीन ओळख देत जाईन."

"थट्टा वाटते तुमाले? आमचे काकाजी, मावशीचे मालक, ते पण आधी असेच हसायचे. आता ते शेतातून घरी येत नाईत. मावशी अनोळख्यासारखी पाहते, ते सहन होत नाई त्यायले."

सुरेंद्रचं हसू मावळलं. मग म्हणाला, "चुकलो. पण दवाखान्यात दाखवलं काय?"

"नाई."

"काऊन?"

"दाखवलं… तर खरं होईल ना."

"आणि नाई दाखवलं, तर काय खोटं होते?"

भाग्यानं मिटलेली मूठ उघडून तळहातावरची अक्षरं पाहिली.

"मायले संगं घेऊन जा," तो म्हणाला. "मी मधात येत नाई. फक्त टोकन काढून ठेवतो."

सोमवारी भाग्या आई कुसुमबाईंसोबत दवाखान्यात गेली, तर सुरेंद्र सकाळी सातपासून रांगेत. टोकन हातात दिलं आणि दूर लिंबाखाली जाऊन बसला. आत बाकड्यापाशी कागद भरायला देवकाबाई नावाची नर्स होती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"कोणत्याच नाईत, बाई."

देवकाबाई लिहिणार, तेवढ्यात तिचं लक्ष भाग्याच्या कोपराकडे गेलं. तिनं पेन खाली ठेवलं. "हे काऊन खाजवून राह्यली?"

कुसुमबाई हसल्या. "घरात कापूस आहे ना, बाई. दिवाळीपासून अर्धी खोली भरली आहे. आणि ही पोट्टी त्याच्यावरच झोपते, ऊब लागते म्हणून."

"मंग खाजेले काय करता?"

"ते काय, बारकी पिवळी गोळी. किराण्यात भेटते. कापसाच्या दिवसात सारं गाव घेते."

"तू किती घेते, पोरी?"

"सकाळी एक, दुपारी एक… संध्याकाळी दोन," भाग्या म्हणाली. "ऑफिसात लोकांपुढं खाजवता येत नाई. पण ती काय गोळी थोडीच आहे, बाई. ती खाजेची आहे."

देवकाबाईनं कपाळावर हात मारला. "माय माय. दोन महिन्यांपासून झोपेत चालून राह्यली तू."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, गोळी त्याच दिवशी बंद केली, घरातून कापूस हलवायला सांगितलं. अंगाला लावायला मलम दिलं. ही गोळी रोज चार घेतली तर कुणाचंही डोकं असंच जड होतं, विसरायला होतं, म्हणाल्या. मावशीचंही त्यांनी नीट ऐकून घेतलं. "एका मावशीवरून भाचीचं कपाळ लिहिलं जात नाही," म्हणाल्या.

चंपतरावांनी कापूस टेम्पोत भरला. पहिला आठवडा नुसत्या खाजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात पासवर्ड आपोआप बोटांवर आला. तिसऱ्यात एका सकाळी कणीक मळता मळता ते हरवलेलं पद भाग्याच्या ओठांवर आलं, दुसरी ओळ, तिसरी ओळ, थेट शेवटापर्यंत. कुसुमबाईंनी नळ तसाच वाहू दिला आणि उंबऱ्यात बसून ऐकलं.

दवाखान्यात पुन्हा दाखवून झालं, आणि दुसऱ्या दिवशी भाग्या बसमध्ये सुरेंद्रच्या शेजारी जाऊन बसली. तीन आठवडे तो लांबूनच मान हलवायचा.

"रिपोर्ट?" त्यानं हळूच विचारलं.

"चांगले आले. सारे."

त्यानं डोळे मिटले, जोडलेले हात कपाळाला लावले. "लय बरं झालं."

"इतकंच? तुमी कायतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर राह्यलं."

"मले वाटलं, विसरल्या तुमी."

"तेवढं विसरायचं राहून गेलं."

सुरेंद्र तिच्याकडे वळून बसला, चेहरा उजळलेला. भाग्याच पुढे म्हणाली, "पण पुढं कधी मावशीसारखं झालं तर? होणारच नाई, असं लिहून तर कोणीच देत नाई."

आता त्यानं थट्टा केली नाही. खिडकीबाहेर वेचून झालेली शेतं मागे पळत होती. "तवाचं तवा पाहू," तो म्हणाला. "पण मी शेतात बसून राहणार नाई. एवढं आज सांगतो."

भाग्यानं मान वळवली. डोळे भरले होते, ओठ हसत होते. "बाबाशी तुमीच बोला. आणि हळू बोला… कर्ण्यावर नका बोलू."

अक्षय्य तृतीयेला लग्न झालं. बुवा आले, मृदंग घुमला, नवरदेवानं स्वतःच्या मांडवात स्वतःच माईक लावला. देवकाबाईही आली होती. पण तिला दुपारची ड्युटी, चार घास खाऊन तशीच परतली. फोटोत ती कुठंच नाही. म्हणून तुम्हांलाच सांगते, माझ्या मायबापहो. देवापुढं हात जोडाल, तेव्हा पेन खाली ठेवून दुसऱ्यांदा विचारणाऱ्या त्या देवकाबाईची तेवढी आठवण ठेवा.