नफ्तालीची स्वतःची मर्जी

पाऊस असा आला की बाजारातल्या बायका भाजीच्या पिशव्या डोक्यावर घेऊन पळाल्या. ओरना दुकानाच्या दारातली खुर्ची आत ओढत होती, पायाने मांजरालाही आत ढकलत होती. तेवढ्यात एक उंच, निथळता माणूस येऊन दारावरच्या छपराखाली उभा राहिला. बरोबर मधोमध.

"एक तर आत या, नाहीतर बाजूला सरका," ती म्हणाली. "गिऱ्हाईक कुठून येणार? तुमच्या काखेतून?"

तो हसला. "तुम्ही म्हणाल तसं."

आणि आत आला. ओरनाने त्याला पिटा रोटीत उकडलेलं अंडं घालून वर चमचाभर अंबा दिला. आंब्याचं ते पिवळंजर्द आंबट लोणचं इस्रायलमधल्या हैफात सगळे खातात, पण ओरनाचे वडील सासून ते बगदादच्या चवीचं करायचे, म्हणजे जीभ भाजेल असं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समोरच्या थांब्यावर त्याची बस आली आणि गेली.

"आणखी देऊ?"

"तुम्ही म्हणाल... तसं."

ओरनाला हे भलतंच आवडलं. घरात तिच्या म्हणण्यावर आजवर कुणी खिडकीसुद्धा उघडली नव्हती.

त्याचं नाव नफ्ताली. बंदरात क्रेन चालवायचा. पाऊस नसतानाही तो येऊ लागला. एका संध्याकाळी बरण्या पुसता पुसता तिनेच विचारलं, "लग्न करू या का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तू म्हणशील तसं."

लग्नाला वर्ष झालं आणि आवडलेली तीच गोष्ट ओरनाला टोचायला लागली. पडदे कुठले घेऊ? तू म्हणशील ते. सुट्टीत समुद्रावर की डोंगरावर? तू म्हणशील तिथे. कधीकधी तिच्या मनात यायचं, दुसऱ्या कुणी आधी विचारलं असतं, तर हा तिलाही हेच म्हणाला असता का?

त्यातच सासूनबाबांनी दुकान तिच्या नावावर करायचं ठरवलं. एका अटीवर.

"आधी नवरा-बायकोचा करार. दुकान, बरण्या, लोणच्याची कृती, सगळं तुझं. पेसाहच्या सणाआधी कोर्टाचा शिक्का दाखव आणि किल्ली घे. नाहीतर शेजारचा ज्यूसवाला दुकान मागतोच आहे."

"बाबा, नफ्ताली काय चोर आहे?"

"चोर नाही गं. पण माझा अंबा खाताना हसतो. अशा माणसाचा भरवसा नाही."

ओरनाचा मामेभाऊ दोरोन वकील होता. "लग्नाआधी आला असतात तर नोटरीपुढे भागलं असतं," तो म्हणाला. "आता करार लेखी हवा आणि तो न्यायाधीशांनी मंजूर करायला हवा. तुम्हा दोघांना समोर बसवून विचारतील, यातलं समजलंय का आणि मर्जीने करताय का. यात कोण नापास होतं?"

नफ्ताली नापास झाला.

"करार वाचलात?" न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं.

"ओरनाने वाचलाय."

"तुम्ही?"

"तिने वाचल्यावर परत कशाला..."

"वेगळे झालात तर दुकानावर तुमचा हक्क काय राहतो?"

त्याने ओरनाकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघू नका. मी विचारतेय."

"तिला वाटेल तेवढा."

दोरोनने कपाळाला हात लावला.

"बरं. सही मर्जीने केलीत?"

"हो तर!"

"कुणाच्या?"

"तिच्या."

बाईंनी फाइल मिटली. "आपण काय सोडतोय हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या सहीला मी मंजुरी देऊ शकत नाही. घरी जा, नीट वाचा, स्वतःचा वकील करा. स्वतःची मर्जी सापडली की या."

कोर्टाच्या पायऱ्यांवर ओरना भडकली. "अरे, एवढंसं वाक्य! 'माझ्या मर्जीने' म्हणायचं!"

"मग... तसंच तर म्हणालो."

"तू *माझ्या* मर्जीने म्हणालास, स्वतःच्या नाही!" मग तिचा आवाज खाली आला. "नफ्ताली, खरं सांग. तुला मी हवी होते... की मी विचारलं म्हणून झालं हे लग्न?"

क्रेनवर दिवसभर एकट्याने बसणारा माणूस, त्याला बोलायची सवयच कुठे होती? बस आली. ती पुढे बसली, तो मागे.

दुसऱ्या दिवसापासून नफ्ताली करार वाचू लागला. डब्याबरोबर तो क्रेनवर नेऊ लागला. बंदरातल्या कुणीतरी सांगितलेला वकीलही केला. एकदा जेवताना त्याने विचारलं, "दुकान म्हटलं की छप्परही त्यातच आलं का?"

"आलं. का रे?"

"असंच."

ओरनाचा घास तोंडातच राहिला. एवढ्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं. आता आनंद मानावा की घाबरावं, तिला कळेना.

सणाच्या आदल्या आठवड्यात सगळे पुन्हा कोर्टात गेले. या वेळी नफ्तालीने प्रत्येक कलमाचा अर्थ न अडखळता सांगितला. मग खाकरला.

"एक कलम मला मान्य नाही."

दोरोन दचकला. ओरनाला वाटलं, गेलं दुकान. आणि बहुतेक नवराही.

"वेगळे झालो तर दुकानाच्या जागेवर माझा कसलाही हक्क नाही, असं लिहिलंय. मला छपराखाली उभं राहायचा हक्क हवा. पाऊस असेल तेव्हा. लग्न असो... नसो."

"छपराखाली?" बाईंनी चष्मा काढला. "का?"

"त्या दिवशी पाऊस आला, तेव्हा मी समोर बसथांब्यावर होतो, मॅडम."

"मग?"

"थांब्याला छप्पर आहे. मी कोरडा होतो." तो जमिनीकडे बघत होता, पण थांबला नाही. "ही खुर्ची ओढत होती, मांजराला शिव्या घालत होती... मी रस्ता ओलांडला. भिजत. कुणी सांगितलं नव्हतं मला."

ओरना वळून त्याच्याकडे बघतच राहिली.

बाईंनी कलमाखाली हाताने एक ओळ वाढवली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. "ही सही कुणाच्या मर्जीने?"

"माझ्या."

"आणि लग्न?"

"मॅडम, ते करारात नाही," दोरोन म्हणाला.

"माहितेय मला. मी विचारतेय."

"तेही माझ्या," नफ्ताली म्हणाला. "तिने विचारायच्या आधीपासून."

ओरनाने डोळे पुसले. बाई लगेच पुढे झुकल्या. "रडताय? कुणाचा दबाव तर नाही ना?"

"नाही हो, मॅडम. सकाळी मिरच्या कुटल्यात. हात..." आणि मग ती खरंच रडायला लागली, दोन्ही कारणांनी.

शिक्का पडला. पायऱ्या उतरताना तिने त्याचा हात धरला. "चल, जेवू या. कुठे जायचं?"

"तू म्हण..." तो थांबला. तिने भुवई वर केली.

"कुब्बा," नफ्ताली म्हणाला. "बिटाच्या रश्श्यातले ते खिम्याचे गोळे. आणि अंबा नको. खरं सांगू? तुझ्या बाबांचा अंबा मला कधीच झेपला नाही."

"अरे, मग एवढे दिवस खात का होतास?"

"तू वाढत होतीस ना..."