काशाची हंसी

ताकाओकाला त्या वर्षी बर्फ लवकर पडलं. तोमेकिची ओताऱ्याच्या भट्टीघरात मात्र ऊब होती. सामुराईंच्या तलवारी गेल्या, तसं मुठी मढवणारं हे घर परदेशी दिवाणखान्यांसाठी काशाचे पक्षी ओतू लागलं होतं. मेणाचा नमुना त्याची बायको ओनुई घडवी. या खेपेला तिने रानहंसी केली होती, मान उंच असलेली.

साचा फोडला, तर हंसी पंखात मान खुपसून झोपलेली निघाली.

"मेण वाकलं असेल," तोमेकिची म्हणाला.

"वाकलेल्या मेणावर पिसं टिकतात का, अहो?"

पिसन् पीस जागेवर होतं. ओनुईने न कोरलेली पंखाखालची लवसुद्धा. तोमेकिचीने नकळत हात जोडले.

ओनुईने पोटातली माती आकडीने खरवडून काढली. पोट रिकामं करून हंसी पेंढ्यावर ठेवली. पण ती निवेना. हात लावला की खुडूक कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखं वाटे.

योकोहामाच्या व्यापाऱ्याचे दलाल इकुता-सान आले आणि बघतच राहिले. मग भानावर येऊन म्हणाले, "झोपलेला पक्षी साहेबांना दाखवू कसा? वितळवा, पुन्हा ओता. जमत नसेल तर तसं सांगा, दुसरे कारखाने आहेत."

ते गेल्यावर तोमेकिचीने भट्टी पेटवली. "पोट भरायचंय, ओनुई." दोघांनी मिळून हंसी उचलली.

खाली पेंढ्यात एक अंडं होतं. काशाचं.

तोमेकिचीने नखाने टिचकी मारली. बारीक नाद उठला. तो विरण्याआधी आतून तसाच नाद आला.

ओनुईने भट्टीत माती लोटली. दोघांनी हंसी अलगद पुन्हा अंड्यावर ठेवली.

सकाळी तिची मान वर होती.

इकुता-सान बर्फामुळे गावातच अडकले होते. निघताना डोकावले आणि हरखले. "ही होतीच की! काल उगाच झोपलेली दाखवलीत."

तोमेकिचीने मान खाली घातली. पेटीत पेंढा ओनुईनेच भरला, तळाशी अंड्याभोवती जाडसर. झाकण ठोकताना ती दर घावाला डोळे मिटत होती.

हमालाने पेटी खांद्यावर घेतली आणि तो थबकला. "कोमट लागतेय हो."

तेवढ्यात आत काहीतरी तडकलं.

"फुटलं वाटतं," इकुता-सान चपापले.

"हो," ओनुई म्हणाली.