अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं

आमची पहिली भेट झाली तेव्हा आमच्या मधे लोखंडी दार होतं. आत लिफ्टमध्ये अडकलेली मी, आणि बाहेर दुरुस्तीला आलेला तो.

"दार ओढू नका हं! घंटा दाबलीत ना, आता निवांत बसा. कोण आहात?"

"दातांची डॉक्टर! वर पेशंट तोंड उघडून बसलाय माझा."

"मिटेल तो... तुम्ही बोलत राहा. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम."

"आणि दुसरा?"

"आवाज गोड असेल तर काम सावकाश करायचं."

दार उघडलं. हातांना ग्रीस, गालाला ग्रीस, आणि डोळे इतके हसरे की मी आभार मानायचंच विसरले. आठवड्याभरात स्वारी माझ्या खुर्चीत हजर, म्हणे दाढ दुखतेय! तपासली तर ठणठणीत.

"दुखतंय कुठे?"

"आता नाही दुखत," तो म्हणाला.

मग आम्ही खूप भटकलो, भांडलो, एका छत्रीत दोघंही भिजलो. त्याची शीळ त्याच्याआधी जिना चढून यायची. उंच इमारत दिसली की मान वर करून म्हणायचा, "इथली माणसं माझ्या भरवशावर चढतात-उतरतात." त्या ऐटीवरच मी भाळले होते.

आणि एक दिवस शीळ थांबली.

सुटीच्या दिवशीही तो काम मागून घ्यायला लागला. पाठ दुखते म्हणायचा, झोप नाही म्हणायचा. "जेवलास का?" विचारलं तरी अंगावर यायचा. सिनेमा, मित्र, मी... सगळ्यालाच "काही नाही गं." मला वाटलं, याचं मन भरलं!

"कंटाळलास का मला? सरळ सांग!" मी फणकारले. तो भांडलासुद्धा नाही.

घरी येऊन आईपुढे रडले. आईनं भलतंच विचारलं, "रडतो का गं तो?"

"छे! चिडतो."

"तुझे बाबाही चिडायचेच," आई हळूच म्हणाली. "कामात डोकं खुपसून बसायचे, नाहीतर खेकसायचे. आम्ही त्याला स्वभाव म्हणत राहिलो. डिप्रेशन होतं ते, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं."

मी ताडकन उठले. गाल सुजलेले पुरुष माझ्या खुर्चीत बसून रोज "काही नाही" म्हणतात, आणि त्यांच्यावर माझा कधी विश्वास बसत नाही!

त्याच्या खोलीचं दार बंद होतं. "जा तू," आतून आवाज आला.

"दार ओढत नाही मी. बाहेर बसलेय फक्त. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं—तूच सांगितलंस ना?"

पायरीवर बसून मी कवळ्यांच्या गमती सांगितल्या, आईच्या तक्रारी सांगितल्या. घसा कोरडा पडला तरी थांबले नाही. शेवटी कडी निघाली. दाढी वाढलेली, डोळे विझलेले...

"सकाळच नको वाटते गं," तो म्हणाला. "इतक्यांना बाहेर काढलं मी, आणि स्वतःला... लाज वाटते."

मला भीती वाटली, पण विचारलं. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?"

"नाही... पण असंच राहिलो तर, माहीत नाही."

"मग उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी पडले दातांची!"

तो किंचित हसला. मी त्याला मिठी मारली, आणि तो रडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मला वाटलं, हा "काही नाही" म्हणाला तर? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो स्वच्छ आवाजात म्हणाला,

"मी अडकलोय, डॉक्टर. बाहेर पडायला मदत हवी आहे."

अख्ख्या शहराची माणसं चढवणाऱ्या त्या माणसाचा मला तेव्हा जितका अभिमान वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.

गोळ्या अजून चालू आहेत. शीळ परतलीय, जराशी बेसूर. काल माझ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो सांगत होता, "कामावर विचारलं, मधेच कुठे जातोस? म्हटलं, मनाच्या डॉक्टरांकडे. सगळे आपापल्या कामाला लागले. मग आमच्यातला एकजण मागून आला, म्हणाला, मलाही पत्ता देशील?... तुला लाज नाही ना वाटत माझी?"

शेजारी एक अनोळखी आजोबा उभे होते. त्याचा ग्रीसचा हात घट्ट धरून मी त्यांना न विचारताच सांगितलं, "आजोबा, हा माझा होणारा नवरा."

"अगं... मी अजून विचारलं कुठे?"

"मग विचार ना. दोन मजले आहेत अजून."

एका मजल्यातच विचारलं त्यानं.