नांदलेलं पितळ

काडतुसाच्या पुंगळीला मान असते, खांदाही असतो. बार उडाला की पितळ फुगतं आणि रायफलीच्या आत ज्या घरात ते बसलेलं असतं, त्याच घराचा आकार घेतं. पुन्हा त्याच रायफलीत घाला, निमूट बसेल. दुसरीत घाला, काडतूस आत ढकलणारा बोल्ट अडून बसतो. नांदलेलं पितळ दुसऱ्या घरी रुळत नाही, असं मी म्हणतो, आणि आमच्या बिटररूट खोऱ्यातल्या बायका त्यावर मला शिव्या घालतात.

अशा पितळाला परत माहेरचं रूप देणं, मग त्यात नवी दारू आणि गोळी भरणं हे माझं काम. बोटभर तेल, पोलादी साचा, प्रेसचा दांडा. शिकारीचा हंगाम जवळ आला की अर्धं गाव माझ्या गराजमध्ये असतं. काही जण पुंगळ्या घेऊन येतात, बाकीचे नुसतेच कॉफी प्यायला.

आर्डिस आली ती बिस्किटांचा डबा भरून पुंगळ्या घेऊन. तिचा नवरा ऑरिन मागच्या हंगामात एल्क, म्हणजे इथलं थोराड सांबर, मारायला डोंगरात गेला, तो परतला नाही. ट्रक सापडला. तो सापडला नाही, त्याची रायफलही नाही. शोधपथकाला आर्डिस रोज गरम सूप नेऊन द्यायची, पण रडताना ती कुणाला दिसली नाही. गावानं दोन्ही गोष्टी नीट लक्षात ठेवल्या. मीही ठेवल्या, फक्त बोललो नाही.

"नवी रायफल घेतली, त्याच मापाची," ती म्हणाली. "पण ऑरिनच्या जुन्या पुंगळ्या घातल्या तर बोल्टच मिटत नाही."

"मिटेल कसा? ऑरिनच्या रायफलीत वाढलेलं पितळ ते. नवं घे की."

"दुकानात कपाटं रिकामी. घरी फ्रीजर रिकामा. आणि शनिवारी हंगाम उघडतोय, एनार."

"बरं, विधवेला सूट. एल्कचा एक पाय माझा."

"विधवा कुणाला म्हणतोस, म्हाताऱ्या? मृत्यूचे कागद अजून यायचेत." ती हसली. मी जरा कमी हसलो.

दुपारभर दांडा ओढला. प्रत्येक पुंगळी माप तपासायच्या गेजमध्ये टाकली. सगळ्या बरोबर बसल्या. धुऊन, पुसून ट्रेमध्ये उभ्या केल्या.

सकाळी त्यातली एकही गेजमध्ये बसेना. खांदे पुन्हा पुढे आले होते.

या धंद्यात सगळ्यांच्या हातून होणारी चूक म्हणजे केलेल्या आणि न केलेल्या पुंगळ्यांचे ट्रे बदलणं. स्वतःला एक शिवी हासडून मी पुन्हा कामाला लागलो. मग त्यांच्या मानेवर बोट फिरलं आणि काजळीनं काळं झालं. काल मी त्या धुतल्या होत्या.

आर्डिसला बोलावून घेतलं. तिच्यासमोर एक पुंगळी साच्यात दाबली, पुसली, तिच्या रायफलीत घातली. बोल्ट कुरकुर न करता मिटला. पुंगळी काढून टेबलावर ठेवली आणि आम्ही कॉफी ओतली.

आवाज काहीच झाला नाही. वास मात्र आला, जळलेल्या दारूचा, ताजा.

आर्डिसनं पुंगळी उचलली आणि पटकन खाली टाकली. मी फडक्यात धरून मोजली. खांदा पुढे होता.

"दाबलेलं पितळ थोडं मागे फिरतं," मी म्हणालो.

"चटका बसेल इतकं?"

फुगायला बार लागतो, हे मला तिच्याआधी ठाऊक होतं.

"तो उडवतोय," ती म्हणाली.

"रिकाम्या पुंगळीत काय उडवणार, बाई?"

"त्याला विचार."

"शनिवारी जाऊ नकोस. माझ्या फ्रीजरमधलं अर्धं मांस घेऊन जा."

"वर्षभर लोकांचं अर्धंच खाल्लंय. आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं, भांडं परत द्यायला. सरक."

तिनं स्वतः पुंगळी साच्याखाली लावली आणि सगळा भार दांड्यावर टाकला. प्रेस करकरली. पुंगळी खाली आली ती गेजमध्ये चपखल बसली. आम्ही बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. पुंगळी थंडच राहिली.

"एकच भरून दे," आर्डिस म्हणाली. "एल्कला एक पुरते."

शनिवारी दुपारी तिचा ट्रक माझ्या दारात उभा राहिला. मागे एल्क, आतडी काढून साफ केलेला, शिंगांना बर्फ चिकटलेला. तिच्या अंगावर शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट, तोंडावर आख्ख्या वर्षात न दिसलेलं हसू.

"एका बारात! आता बोल!"

"पाय माझा," मी म्हणालो. आम्ही धड गराजमध्ये टांगलं.

कातडं सोलायला घेतलं. डाव्या बरगड्यांवर तिच्या गोळीचं भोक होतं. उजवीकडेही एक दिसलं. आरपार गेली असेल, असं वाटलं.

पण गोळी बाहेर पडते तिथे कातडं फाटतं. इथे दोन्ही बाजूंना केस आत दबलेले होते, म्हणजे दोन्हीकडून गोळी आतच शिरली होती.

"बार किती ऐकलेस?"

"एक. माझा."

"एल्क कसा उभा होता?"

"आडवा, सपाट कुरणात. मान वळवून पलीकडे बघत होता."

"पलीकडे काय होतं?"

"काही नाही. बर्फ."

मी रायफलीची नळी साफ करायची लांब सळई घेतली आणि उजव्या भोकात घातली. रिकाम्या छातीतून ती सरळ गेली आणि डावीकडून बाहेर आली.

"तू कुठे होतीस?"

"अशी, समोर." आर्डिस डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

सळईचं टोक तिच्या नारिंगी जाकिटाच्या छातीवरच्या बटणावर टेकलं.