झाकण ठेवायचं नाही

अनोळखी माणसाच्या टोपलीत हात घालणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण समोरच्याने बोक चॉय या चिनी पालेभाजीची जी जुडी उचलली होती, ती तिला बघवेना. पानांच्या कडा पिवळ्या, देठ मलूल, आणि बुडखा तर पार तपकिरी. तिने सरळ त्याच्या टोपलीतून ती जुडी काढली, ढिगात परत ठेवली आणि दुसरी निवडून टोपलीत टाकली.

"ती माझी होती," तो म्हणाला.

"म्हणून तर बदलली."

आता एवढं केल्यावर मागे कसं हटायचं? तिने एक देठ थेट त्याच्या कानाशी धरून मोडला. कट्... "असा आवाज आला तर घ्यायची. नाही आला तर कितीही गोड दिसली तरी सोडून द्यायची." तो अगदी लक्षपूर्वक ऐकत होता, आणि त्याच्या मनगटावर काळं ग्रीस लागलेलं होतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि तिला उगाचच आपले कान गरम झाल्यासारखे वाटले.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का, असं दिवसभर लोकांना विचारणारी बाई स्वतःच्या बाबतीत मात्र ठार आंधळी होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दर गुरुवारी दोघंही कामावरून सुटली की पुलाजवळच्या त्या भाजीच्या दुकानात "योगायोगाने" भेटायची. तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा आणि ती त्याला लिफ्टवाले. भाजी आधी पाण्यात बुडवून ठेवायची, कारण माती बुडख्यात दडून बसते, हे तिने त्याला शिकवलं. देठ आधी, पानं मागून, हेही शिकवलं.

एकदा तिच्या आत्यानेच त्याला जेवायला बोलावलं. घरात दोघीच राहायच्या, आणि आत्याचं सगळीकडे लक्ष असायचं. लसूण तेलात तडतडला, देठ पडले, मग पानं पडली, आणि हा शहाणा मदत म्हणून कढईवर झाकण ठेवायला गेला. तिने त्याच्या हातावर चापट मारली. "झाकण ठेवायचं नाही. कधीच नाही. हिरवा रंग मरतो." चापट मारलेला हात तिने अंमळ जास्तच वेळ धरून ठेवला, असं आत्याने नंतर सुनावलं. पुरावा नाही, म्हणून तिने ते साफ नाकारलं.

असं सगळं छान चाललेलं असताना एका गुरुवारी तो कुणा नाचवाल्या बाईबरोबर आला.

उंच, मोकळ्या केसांची, हसली की दुकानभर ऐकू जाणारी. ज्या इमारतीची लिफ्ट त्याने दुरुस्त केली होती, तिथेच ती नाच शिकवायची. तेवढंही एक वेळ चाललं असतं. पण याने काय करावं? एक जुडी उचलली, बुडखा बघितला, देठ त्या बाईच्या कानाशी धरला आणि मोडला. कट्.

हिच्या काळजात काय झालं ते विचारू नका. तिची विद्या, तिच्या डोळ्यांदेखत, दुसरीच्या कानात! रताळ्यांच्या ढिगाआड उभी राहून तिने ते सगळं पाहिलं. ते दोघं हसत होते, आणि ती नाचवाली त्याच्या दंडावर थोपटत काहीतरी बजावत होती. मग ती निघून गेली आणि त्याला ही दिसली.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. रविवारी दुपारी त्याच्याकडे कुणीतरी जेवायला यायचं होतं, आणि भाजी त्याला स्वतः करायची होती. "पाहुणी फार चोखंदळ आहे. एकदा पुन्हा नीट सांगाल?"

सांगणार नाही, असं ती म्हणाली असती तर निदान खरं बोलल्यासारखं तरी झालं असतं. पण तिने तोंडभर हसून सांगितलं, की देठ आणि पानं एकदमच टाका, मीठ भरपूर घाला, आच मंद ठेवा आणि झाकण ठेवून चांगली अर्धा तास शिजवा.

"झाकण ठेवून?"

"घट्ट."

त्याने मान डोलावली आणि तो पैसे द्यायला गेला.

रविवार उजाडेपर्यंत तिचा जीव भांड्यात काही पडला नाही. नाचवाली पहिला घास घेऊन तोंड वेडंवाकडं करते आहे, हे चित्र आधी फार गोड वाटलं होतं. पण मग त्यात त्याचा चेहरा दिसायला लागला... ग्रीसच्या हातांनी इतकं मन लावून पानं धुणारा, आणि मग ओशाळलेला. आत्याने विचारलं, तोंडाचा चंबू का? तिने सगळं सांगून टाकलं. आत्या म्हणाली, प्रेम करायला लाज वाटते आणि भाजी नासवायला नाही? चपला घाल आणि नीघ.

पत्ता त्याने कधीच सांगून ठेवला होता, पण त्याच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्याच घरची! धापा टाकत ती जिने चढली, आणि शेवटच्या वळणावरच तिला उकडून गळालेल्या पानांचा तो उदास वास आला. त्याने दार उघडलं तसं ती नमस्कार-चमत्कार न करता आत घुसली.

"झाकण काढा."

"उशीर झाला."

टेबलावर दोनच ताटं होती. दुसरं कुणी नव्हतं. कढईत राखाडी-हिरवा गाळ बसला होता.

"मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मुद्दाम. मला ती तुमच्याजवळ उभी राहिलेलीसुद्धा बघवत नाही... हसू नका."

"मला माहीत होतं. झाकणावरून मी मार खाल्लाय." त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "दुकानात तिला मी हेच सांगत होतो, की हे मला एकीने शिकवलं. ती म्हणाली, मग बोलव ना तिला जेवायला, घाबरतोस कशाला? मी तुलाच बोलवणार होतो. पण तू म्हणालीस, झाकण ठेवा... आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मग बोलावलंच नाही. जी बाई परक्याच्या टोपलीतली जुडी बदलते, ती ही भाजी वाया जाऊ देणार नाही. येणारच."

"आणि आले नसते तर?"

"तर एकट्याने खाल्ली असती. शिक्षा म्हणून."

ती खुर्चीवर बसली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती भांडली.

"देठ तिच्या कानाशी का धरलास?"

"तूच शिकवलंस."

"ते दुसऱ्या कुणाच्या कानाशी धरायचं नाही. लांबून दाखवायचं."

"बरं."

"आईच्या कानाशी चालेल."

"बरं," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला, इतक्या जवळ की ताटं सरकवावी लागली.

तिने एक घास खाल्ला. भाजी खारट होती, गिळगिळीत होती, आणि लसूण तर कुठे हरवला होता कुणास ठाऊक.

"कशी झाली?" त्याने भीत भीत विचारलं.

"भयंकर," ती म्हणाली, आणि तिने आणखी वाढून घेतली.