कोपऱ्यातला चौकोन

त्या बाईच्या झोपेचं खोबरं केलं होतं ते मागच्या अंगणातल्या हौदानं.

जमिनीत बांधलेला, माणूसभर खोल, आणि वर झाकण म्हणून एक फळकूट. लोखंडी झाकण गंजून मोडलं तेव्हापासून नवरा म्हणत होता, "या रविवारी नवं बसवतो." रविवार आपले येत होते आणि जात होते. आणि हिची चार वर्षांची लेक रात्री झोपेत उठून चालायची. डोळे सताड उघडे, पण दिसत काही नाही. एकदा चपलांपाशी उभी सापडली, एकदा फ्रिजसमोर. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की थांबेल. सासूबाई म्हणाल्या, "आमची पोरं पण झोपेत चालायची. पडली का कुणी?" ती छताकडे बघत पडून राहायची आणि मनातल्या मनात नवऱ्याशी भांडायची. मनातल्या भांडणात ती नेहमी जिंकायची. सकाळी त्याला चहा देताना मात्र तोंडातून एवढंच निघायचं, "झाकणाचं बघा हं."

मोठे काका इथे थांबले. दिवे गेले होते ते अजून आले नव्हते. गच्चीवर सतरंजी टाकून पुतणे-पुतण्या अंगाला अंग लावून बसले होते.

"ही ऐकीव गोष्ट नाही," काका म्हणाले. "तिचा नवरा आणि मी एकाच कारखान्यात रात्रपाळीला. त्याला फोन आला तेव्हा मी शेजारी उभा होतो. बाकीचं तिनं स्वतः सांगितलं. एकदाच. परत कधी विषय काढला नाही, आणि आम्हीही नाही."

मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला आणि सांगायला लागले.

ती घरूनच काम करायची. एका फोटो स्टुडिओकडून जुने फोटो यायचे, दुमडलेले, डागाळलेले, कुणाचा अर्धा चेहराच वाळवीनं खाल्लेला. ते स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांची डागडुजी करायची. हात चांगला होता तिचा. नव्हता चांगला तो स्कॅनर. दिराच्या ऑफिसात नवा आला तेव्हा त्यानं जुना हिच्या गळ्यात मारला, वर "वहिनी, एकदम राजा माणूस आहे हा" असं प्रशस्तिपत्रकही दिलं. हा राजा माणूस निम्म्या फोटोवर आला की त्याचा दिवा जागच्या जागी थांबायचा, आणि कॉम्प्युटरही ठप्प. बाण हलत नाही, बटण दाबा नाहीतर डोकं आपटा, काही नाही. कधी मिनिटभरात आपोआप सुटायचं, कधी नाहीच. ती बिचारी शिकलेली, पण यंत्र बिघडलं की पहिला संशय स्वतःवर. आपणच काहीतरी चुकीचं दाबलं असणार.

पोरीसाठी तिनं एक युक्ती केली होती. आतल्या खोलीत पलंगासमोर एक छोटा कॅमेरा बसवला आणि त्याची वायर भिंतीला खिळे ठोकत बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरपर्यंत आणली. काम करताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन, पत्त्याएवढा. त्यात झोपलेली लेक. घरातले हसले. नवरा म्हणाला, "बँकेत पण एवढा बंदोबस्त नसतो." ती म्हणाली, "बँकेत हौद नसतो."

"काका, ड्रायव्हर अपडेट करायचा ना तिनं," एक पुतण्या मध्येच बोलला.

"केला होता. तू गप्प बस."

शनिवारची रात्र. अमावस्येच्या आदली. नवरा कामावर, सासूबाई वर त्यांच्या खोलीत, पोर जेवून झोपलेली. स्टुडिओवाल्याला सकाळी सगळे फोटो हवे होते. कुणाच्या तरी गेलेल्या आईचे होते ते. तिनं बसल्या बसल्या बरेच उतरवले. "मग एकदमच सेव्ह करू," म्हणाली. तेवढ्यात दोरीवरचे कपडे आठवले म्हणून उठली, मागचं दार उघडून अंगणात गेली, कपडे गोळा केले. आत येऊन दार लोटलं, कडीला हात घातला, आणि बाहेरच्या खोलीतून स्कॅनरचा तो आवाज आला. खर्रर्र... आणि बंद.

"मेल्या, आज नको," म्हणत ती धावली.

दिवा निम्म्यावर थांबलेला. बाण थिजलेला. तिनं दिराला फोन लावला. त्याच्याकडे टीव्हीवर मॅच चालली होती, ते ऐकूनच तिचं डोकं फिरलं.

"वहिनी, केबल हलवून बघितलीत का?"

"केबल हलवली, टेबल हलवलं, मी हलले. तुमचा राजा माणूसच तेवढा हलत नाही."

"बंद करून परत चालू करा."

"दोन तासांचं काम आहे आत. सेव्ह नाही केलेलं."

"अरे देवा. सेव्ह नाही केलं?"

"भाऊजी, शाळा घेऊ नका माझी."

"बरं, दुसरं काय काय जोडलंय?"

"कॅमेरा."

"स्कॅनरच्याच यूएसबी डबीत? एकाच वायरला दोघं? मग तेच! दोघं एकाच ताटात जेवायला बसलेत हो, पोट कुणाचंच भरत नाहीये. तुम्ही तो कॅमेरा काढा, बघा कसं लोण्यासारखं चालतं."

"कॅमेरा मी काढणार नाही."

"अहो पण..."

"काढणार नाही म्हटलं ना!"

ती ओरडलीच. आणि ओरडल्यावर दचकून कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघितलं, पोर उठली की काय. नव्हती उठली. गालाखाली हात घेऊन कुशीवर झोपली होती. तिला बरं वाटलं. जगात काहीतरी ठिकाणावर आहे, असं वाटलं.

"मग वाट बघा," दीर म्हणाला. "सुटेल आपोआप. कशाला हात लावू नका."

ती वाट बघत बसली. आणि रिकामं बसलं की माणूस काय करतं? राग काढतं. दिरावर काढला. मग नवऱ्यावर, त्याच्या रविवारांवर. सासूबाईंवर, त्यांच्या न पडलेल्या पोरांवर. मशीनच्या झाकणावर एक चापटही मारली. मध्ये मध्ये चौकोनाकडे बघायची. लेक गालाखाली हात घेऊन झोपलेली. कूस बदललेली नाही. किती शहाणी झोपली आहे आज, असंही मनात आलं तिच्या.

काकांनी पाण्याचा घोट घेतला.

मग तिनं परत एकदा बघितलं, तर पलंगाच्या कडेला कुणीतरी बसलं होतं.

बाई. पाठमोरी. पदर डोक्यावरून.

भीती नाही वाटली तिला. संताप आला. झालं! आल्या खाली! झोपलेल्या पोरीच्या अंगावरून हात फिरवायला येतात, पोर उठते, मग मी बसते रात्रभर. जाऊन बोलायचं म्हणजे मोठं भांडण, तेही पोरीच्या डोक्याशी. म्हणून तिनं दात आवळून सासूबाईंच्या मोबाइलवर फोन लावला. हळूच वर जा म्हणावं.

बराच वेळ वाजला. मग जड आवाज आला.

"काय गं?"

"आई, तुम्ही तिथून उठा बघू. ती जागी होईल."

"कुठून उठू?"

"तिच्या पलंगावरून."

"अगं, मी वर माझ्या अंथरुणात आहे. गुडघ्यानं हैराण केलंय... का गं? कोण आलंय?"



फोन कानालाच होता. ती स्क्रीनकडे बघत होती. बाण हलत नव्हता. स्कॅनरचा दिवा हलत नव्हता. खाली कोपऱ्यात घड्याळ असतं, तिचं लक्ष तिथे गेलं. दहा वाजून पाच मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा होत आले होते.

म्हणजे सगळंच थिजलं होतं. चौकोनसुद्धा. मघापासून ती जी बघत होती... ती दहा वाजताची लेक होती.

आणि त्या थिजलेल्या चौकोनात ती बाई हलली.

सावकाश मान वळवली. सरळ कॅमेऱ्याकडे. सरळ हिच्याकडे. चेहरा ओळखीचा नाही. पण राग... राग ओळखीचा होता. आरशात बघितल्यासारखा. तोंड उघडमिट करत होती ती. आवाज नाही. कुणी जीव तोडून ओरडावं आणि मध्ये काच असावी, तसं. मग तिनं पलंगावर हात आपटला. एकदा. परत एकदा.

तेव्हा हिला दिसलं.

पलंग रिकामा होता.

"आई गं..."

खुर्ची पडली. दार. आतली खोली. अंधार. पलंगावर कुणी नाही. बाई नाही. लेक नाही. पांघरूण खाली. स्वयंपाकघर. गार वारा. मागचं दार सताड उघडं.

कडी.

कडी तिनं घातलीच नव्हती. नवऱ्यानं नाही, सासूबाईंनी नाही. तिनं.

अंगणात काही दिसेना. ती नाव घेऊन हाक मारणार होती, पण झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं अशा वेळी बरं आठवतं! घशात हाक तशीच धरून ती अनवाणी पुढे गेली. पायाला फळकूट लागलं. बाजूला सरकलेलं.

आणि मग डोळे सरावले.

लेक हौदाच्या काठावर होती. पाय काठावर. बाकी सगळी... पाण्यावर ओणवी. अशी की तसं कुणाला उभं राहताच येणार नाही. तोल कधीच गेलेला. डावा हात मागे, वर, ताठ ओढलेला. त्या एका हातावर ती लटकली होती.

तो हात कुणीच धरला नव्हता.

... ... ...

तिनं पोरीला कमरेतून उचललं.

काकांनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला. गच्चीच्या कठड्यापलीकडे कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं.

नवऱ्याला फोन आला तो एका शब्दाचा. "झाकण." एवढंच म्हणाली आणि ठेवला. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. गाडी मी चालवली. दार उघडंच होतं, सासूबाई जिन्यात बसून रडत होत्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर सुरळीत चालू होता. फोटो पूर्ण उतरला होता, चौकोनात रिकामा पलंग, घड्याळ बरोबर. ती जमिनीवर बसली होती, मांडीत लेक.

नवरा जवळ गेला, तर तिनं त्याला जे धुतलं! रविवार, झाकण, मॅच बघणारा भाऊ, न पडलेली पोरं, काही सोडलं नाही. इतक्या रात्रींचं साठलेलं. तो खाली मान घालून ऐकत होता. आणि बोलता बोलता एकदम म्हणाली, "कडी मी नाही घातली. मी." तो राग ओरडून काढता येण्यासारखा नव्हता.

पोर आता जागी होती. चिडलेली, झोपमोड झालेली मुलं असतात तशी. नवऱ्यानं तिला उचलायला हात पुढे केले, आणि थांबला. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

आईच्या मांडीत बसलेली ती. पण डावा हात खाली नव्हता. बाजूला, वर, ताठ. मनगटावर बोटांचे लाल वळ. आईनं तर कमरेला धरलं होतं. नवऱ्यानं तो हात हळूच खाली घेऊन बघितला. येईना. जोर लावला. येईना. हवेत धरून ठेवल्यासारखा.

"काय होतंय, बाळा?" त्यानं विचारलं.

पोरीनं आधी हाताकडे बघितलं. मग हाताच्या पलीकडे, थोडं वर, जिथं कुणी नव्हतं तिथं.

"बाबा, तू तरी सांग ना तिला," ती कुरकुरली. "आता आई आली ना. माझा हात सोड म्हणावं."