वालाचा भटका शेंडा

आठ वाजता वालाच्या वेलाचा शेंडा खिडकीकडे होता. नऊला दाराकडे. साडेदहाला पाहावं तर स्वारी भलतीकडेच! मृण्मयी कुंडीवर वाकली.

मंगळमोहिमेच्या तालमीसाठी बांधलेल्या काचेच्या घुमटात तिची आत्याआजी वनस्पतिशास्त्रज्ञ होती. सुट्टीत तिच्याकडे येताना मृण्मयीनं गावाहून सात वाल आणले होते. रुजला हा एकच. आणि निंदणी करणारा यंत्रमानव खुरपेराव सकाळी त्याचे दोन फोटो काढून बजावून गेला होता, "शेंडा जागेवर नाही. मान टाकणारं रोप रोगट. एक वाजता उपटणार."

"आजी, दोऱ्यानं घट्ट बांधू का गं याला?"

"तुला खुर्चीला बांधलं आणि म्हटलं, चल जेवायला, तर? आधी तो जातो कुठं ते बघू."

आजीनं कुंडीच्या वर एक काच आडवी बसवली. दर पंधरा मिनिटांनी शेंड्याच्या बरोबर वर मृण्मयी ठिपका काढू लागली. अकराला पहिला. पावणेएकला आठवा. ठिपक्यांचं चक्क कडं झालं होतं!

"हा गोल फिरतोय!"

"खोडात पेशी (सजीवांच्या शरीराच्या चिमुकल्या विटा) असतात. एका बाजूच्या पेशी जास्त लांबल्या की शेंडा विरुद्ध बाजूला झुकतो. मग शेजारच्या बाजूची पाळी, मग तिच्या शेजारची. त्यात वेल उंचही होतोय, म्हणून त्याची वाट सर्पिल (गोल जिन्यासारखी फिरत चढणारी) होते."

"पण कशासाठी?"

"अंधारात खांब कसा शोधशील?"

"हात फिरवून... अय्या! हा आधार शोधतोय!"

एक वाजला. नववा ठिपका पहिल्याला जवळजवळ चिकटून पडला, तोच खुरपेराव चिमटा उघडून हजर.

"थांबा! हा आजारी नाही," मृण्मयी कुंडीसमोर आडवी आली. "सव्वाला शेंडा या दुसऱ्या ठिपक्याखाली येईल."

"न आल्यास उपटणार."

दहा मिनिटं गेली, तरी शेंडा दूरच. सव्वा वाजला. शेंडा ठिपक्याच्या बोटभर अलीकडेच होता. मृण्मयीनं डोळे गच्च मिटले.

"बोटभर चूक," खुरपेराव म्हणाला. चिमटा मात्र हलला नाही. "आजारी रोप असं वेळापत्रक पाळत नाही. माझा नियम पालकाच्या रोपांसाठी लिहिला होता. वेल त्यात बसत नाही. याला काय हवं?"

"काठी!" मृण्मयी ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलानं काठीला एक वेढा घातलेला होता.

"आजी, मंगळावर जमिनीची ओढ कमी. तिथंही एवढंच मोठं कडं होईल?"

आजीनं काठी मातीत जरा घट्ट रोवली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "कुणीतरी तिथं जाऊन वाल पेरायला हवेत."

"सातापेक्षा जास्त न्यायला हवेत," मृण्मयी म्हणाली.